माशीच्या नंबराचा चष्मा

चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्याला माणसं ओळखायला फार अक्कल लागत नाही. गिऱ्हाईक आत आलं की एक तर म्हणतं, "लांबचं दिसत नाही," नाही तर म्हणतं, "वाचायला त्रास होतो." माझ्या वडिलांनी देवासच्या बाजारात हे दुकान टाकलं तेव्हापासून आमचं घर या दोन तक्रारींवर चाललंय. तिसरी तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक मी उभ्या आयुष्यात एकच पाहिलं. त्या प्रभाताई लघाटे. आणि त्या आल्या त्याच मुळी बंदूक घेऊन.

दुपारची वेळ होती. टोंकखुर्दचे एक पटेल नवी फ्रेम नाकावर चढवून आरशात स्वतःवर खूश होत होते. तेवढ्यात बाग गावच्या छापाची लाल-काळी साडी नेसलेल्या, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेल्या, उंच आणि सडसडीत अशा एक बाई आत आल्या. काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं होतं. मला वाटलं, पडद्याची काठी असेल. बाईंनी ते काउंटरवर ठेवलं, बाळाचं दुपटं सोडवावं तशी चादर सोडवली, आतून बंदूक काढली, खांद्याला लावली आणि माझ्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यावर नेम धरला.

पटेल जागच्या जागी उठले. "भिया, हूं काले आउंगा," म्हणजे उद्या येतो, असं म्हणाले आणि काचा न बसवलेली फ्रेम तशीच नाकावर घेऊन रस्त्यावर गेले. ती फ्रेम परत यायला आठवडा लागला.

"अहो चष्मेवाले, घाबरता काय? रिकामी आहे," बाई गालाशी लावलेला बंदुकीचा दस्ता न काढता म्हणाल्या. "आणि छऱ्याची आहे. हिला लायसन्ससुद्धा लागत नाही."

"काय दिसत नाही आपल्याला?" मी काउंटरच्या अलीकडून, जरा वाकूनच, विचारलं.

"माशी."

बंदुकीच्या नळीच्या टोकावर लोखंडाचा जो बारीकसा उभा तुकडा असतो, त्याला माशी म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. नेमबाजाच्या डोळ्याजवळ एक खाच असते, नळीच्या टोकाला ही माशी, आणि त्याच्याही पुढं लक्ष्याचा काळा गोल. तिन्ही एका रेषेत आणायचे. पण माणसाच्या डोळ्याला तिन्ही एकदम स्वच्छ दिसत नाहीत. एक निवडावं लागतं. जगातला कुठलाही शहाणा माणूस म्हणेल की लक्ष्य निवडा. प्रभाताई म्हणत, तिथंच शहाण्यांचे छर्रे भिंतीत जातात.

"खाच धुरकट दिसली तरी चालेल, लक्ष्य धुरकट दिसलं तर उत्तम. माशी मात्र स्वच्छ पाहिजे, तिची कड न् कड. लक्ष्य कुठं पळून जातंय? ते मेलं तिथं टांगलेलंच आहे. हलतंय ते आपल्या हातातलं. मग नजर कशावर हवी?"

मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल त्यावर."

तासभर मी काचा बदलत होतो आणि बाई भिंतीवर नेम धरत होत्या. डोळ्यापासून माशी हातभर आणि वर वीतभर अंतरावर. तेवढंच स्वच्छ दिसायला हवं. शेवटी नंबर सापडला आणि मी आनंदानं बोलून गेलो, "अहो, हा तर कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांचा नंबर!"

बाईंना तो अपमान वाटला. "कॉम्प्युटरचा कसला? माशीचा नंबर म्हणा."

तेव्हापासून आमच्या दुकानात तो माशीचा नंबर आहे. बँकेतली तरणी पोरं चष्मा करायला येतात, तर माझा कारागीर त्यांना बिनदिक्कत सांगतो, "सर, आपको मक्खी का नंबर लगेगा." पोरं बिचारी घरी जाऊन आईला विचारत असतील.

प्रभाताई मूळच्या धारच्या. माहेर संस्थानी कारकुनी परंपरेतलं, म्हणजे घरात तलवार एक आणि दौती बावीस. त्यातून ही मुलगी बंदुकीकडं कशी वळली, हे त्यांच्या माहेरच्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. देवासला मुलींच्या शाळेत त्यांनी खेळ शिकवले, एनसीसी चालवली, आणि निवृत्त झाल्यावर आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहामागच्या लांब पडवीत, जिथं गणपतीची मखरं ठेवतात तिथं, नेमबाजीचा वर्ग काढला. पडवीच्या टोकाला, दहा मीटरवर, लोखंडी पत्रा, त्याच्यापुढं जुन्या गाद्या आणि त्यावर कागदी लक्ष्य. मंडळातल्या काही ज्येष्ठांनी हरकत घेतली. हे मराठी संस्कृतीत बसत नाही, कुणाला लागलं म्हणजे, वगैरे. प्रभाताईंनी सभेत उभं राहून सांगितलं, "तुमच्या नाटकात दर अंकाला एक खून होतो. माझ्याकडं अजून एकही झालेला नाही." ठराव मंजूर झाला. नाटकवाल्यांनी टाळ्याही वाजवल्या.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा निराळी होती. नव्या विद्यार्थ्याला पहिले काही दिवस लक्ष्यच दाखवायच्या नाहीत. पांढऱ्या कोऱ्या कागदावर नेम धरायला लावायच्या. "काय मारायचं, ताई?" असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "काही मारायचं नाही. माशी सरळ ठेवायची." कंटाळून निम्मे पळून जात. उरलेल्यांना त्या चहा पाजत.

आणि हे तत्त्वज्ञान पडवीपुरतं राहिलं असतं तरी ठीक होतं. पण त्या ते सगळीकडं लावत. कुणाच्या मुलीचं लग्न जमत नसलं तर म्हणत, "तुम्ही नवरा बघताय, मुलीकडं कोण बघतंय?" भजी तळताना कढईत किती उरली याकडं बघायचं नाही, झाऱ्यावरच्या भज्याकडं बघायचं. बारावीतला पोरगा निकालाची चिंता करत दिसला की त्याच्या पाठीत धपका. सगळं पटण्यासारखं होतं, आणि माझ्यासारख्या, उद्याची काळजी आजच करून टाकणाऱ्या माणसाला तर ते फार आवडायचं. मी पटवून घ्यायचो आणि पुन्हा काळजी करायचो.

हे तत्त्वज्ञान फक्त एका ठिकाणी चालत नसे. स्कूटरवर.

प्रभाताई स्कूटर चालवत त्या पुढच्या चाकाकडं बघून. पण देवासात त्यांच्या हातून कधी काही झालं नाही, कारण मागच्या सीटवर भाऊ असत.

भाऊ म्हणजे त्यांचे यजमान. नोकरीसाठी ऐन तारुण्यात साताऱ्याकडून इथल्या कारखान्यात आले आणि इथलेच झाले. लहान चणीचे, गोल चेहऱ्याचे, आणि बोलणं इतकं कमी की त्यांचा आवाज कसा आहे हे शेजाऱ्यांना स्कूटरमुळं माहीत. मागं बसून ते शांतपणे एकेक शब्द सोडत. "गाय." "खड्डा." "बस, उजवीकडून." "थांब." आणि प्रभाताई चाकावरची नजर न काढता गायीला वळसा घालत, खड्डा चुकवत, थांबत. आम्ही बाजारातले लोक ही वरात बघायला दुकानाच्या पायरीवर येत असू.

एकदा भाऊ तापानं घरी होते आणि बाई एकट्याच देवीच्या टेकडीकडं निघाल्या. टेकडीच्या पायथ्याशी प्रसादाच्या दुकानापुढं नारळांचा ढीग होता. प्रभाताई त्या ढिगात थेट शिरल्या. नारळ रस्ताभर गडगडत गेले, दर्शनाला निघालेली माणसं उड्या मारू लागली. दुकानदार ओरडला, "माताजी, आगे देखके चलाओ ना!"

"आगे ही देख रही थी मैं!" प्रभाताई नारळांमधून उठत कडाडल्या. "तुम्हारा नारियल उसके भी आगे था."

दुकानदार खाली वाकून नारळ वेचू लागला.

पडवीतही भाऊंचं काम तेच. वर्गाच्या वेळी ते मागं एक घडीची खुर्ची टाकून बसत. समोर तिपाईवर जुनी दुर्बीण. प्रभाताई सराव करू लागल्या की भाऊ दुर्बिणीला डोळा लावत आणि छर्रा कुठं लागला ते सांगत. त्यांची सगळी भाषा पाचसहा शब्दांची. "आत." "किंचित डावीकडं." "खाली." आणि प्रत्येक वेळी शेवटी, "पुढची." लागलेल्या गोळीचं कौतुक नाही आणि चुकलेल्या गोळीचा शोक नाही. "पुढची." प्रभाताई मान वर न करता पुढचा छर्रा भरत. मी रविवारी दुकान बंद करून मुद्दाम हे ऐकायला जायचो. पुष्कळ संसार जवळून पाहिले, पण इतक्या कमी शब्दांत चाललेला हा एकच.

बाहेरचं सगळं असंच भाऊंकडं होतं. मुलाची फी कधी भरायची, गॅस कधी संपेल, छत कधी गळेल, हे भाऊ बघत. प्रभाताई अभिमानानं सांगत, "मी बाई उद्याचा विचारच करत नाही. सवय आहे, शिस्त आहे ती." भाऊ मागं बसून दुर्बीण पुसत.

त्या शिस्तीला तडा गेलेला एकच प्रसंग मला ठाऊक आहे. तो मला भाऊंनी सांगितला, आणि सांगताना त्यांनी एकाच बैठकीत जेवढे शब्द वापरले तेवढे एरवी महिन्यात वापरत नसत. प्रभाताई तिथंच होत्या आणि "खोटं, खोटं" म्हणत होत्या, पण हसतही होत्या.

दसऱ्याच्या सुमारास धारला नेमबाजीची एक स्थानिक स्पर्धा होती. दोघं नवरात्रातच धारला, प्रभाताईंच्या भावाकडं, म्हणजे दादांकडं, जाऊन राहिले. त्या घरी खंडेनवमीला शस्त्रपूजा अजून पहिल्यासारखी होते. पाटावर ती एकुलती एक तलवार, शेजारी सुरी, अडकित्ता, कात्री, दादांचा स्क्रूड्रायव्हर आणि मधोमध प्रभाताईंची बंदूक. पूजा माईवहिनींची, म्हणजे भावजयीची. दसरा झाला, पूजा उचलली, बंदूक चादरीत गेली आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धा.

सकाळी दादांनी भाऊंना चहाला अडवलं. चहावर पोहे आले, पोह्यांवर धारच्या जुन्या गोष्टी आल्या, आणि प्रभाताई एकट्याच पुढं गेल्या. सरावाच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिला छर्रा गेला खाली. दुसरा खाली. तिसरा तर कागदाच्याच खाली. प्रभाताई गोंधळल्या. दर गोळीनंतर मान वर, डोळे बारीक करून लक्ष्याकडं. पंच म्हणाले, "मॅडम, तबीयत ठीक है?"

इतक्यात भाऊ पोचले. ओठाला पोह्यांतली शेव तशीच. मागं उभं राहून त्यांनी दुर्बीण लावली आणि म्हणाले, "खाली. तिन्ही खाली. पुढची."

भाऊंचं म्हणणं असं, की त्यांचा आवाज ऐकला आणि हिचे खांदे सैल पडले. हिनं बंदूक उचलली, नेहमीसारखी नजर माशीवर आणली, आणि तिथंच किंचाळली, "अगं बाई, ही अक्षत!"

माशीच्या बरोबर डोक्यावर, वाळलेल्या कुंकवात घट्ट रुतलेला, तांदळाचा एक दाणा उभा होता. माशी तेवढी उंच झालेली. तिचं डोकं खाचेच्या रेषेत आणायचं म्हणून बाई नळी खाली झुकवत होत्या आणि छर्रे जमिनीकडं जात होते.

नंतर माईवहिनींना विचारलं, तर त्या निरागसपणे म्हणाल्या, "वन्सं, तुम्हीच सांगता नं, की सगळा जीव त्या माशीत आहे? म्हणून बाकी बंदुकीला नुसतं फूल वाहिलं. हळदकुंकू आणि अक्षता तिलाच वाहिल्या."

देवाच्या अक्षता पुसून फेकायच्या तरी कशा? प्रभाताईंनी नखानं दाणा काढला, कुंकवासकट स्वतःच्या कपाळाला लावला आणि पुढं सगळी स्पर्धा तशाच कपाळानं खेळली. तिसऱ्या आल्या.

"तांदळाचा दाणा," भाऊ शेवटी म्हणाले, "आणि हिला दिसला नाही. नजर माशीवर ठेवा म्हणून गावाला सांगते."

"घाई झाली होती मला," प्रभाताई म्हणाल्या.

मीही तेव्हा पोट धरून हसलो. त्या गोष्टीत हसण्यापलीकडं काही आहे, हे कळायला मला पुढं बराच काळ लागला.

भाऊ गेले ते त्यांच्या स्वभावाला धरून. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. दिवसकार्य आटोपल्यावर प्रभाताईंनी वर्ग पुन्हा सुरू केला. स्कूटर मात्र मंडळाच्या चौकीदाराला देऊन टाकली. घडीची खुर्ची मिटून भिंतीला टेकवली आणि दुर्बीण मखरांच्या कपाटात ठेवली. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. मीही म्हणालो.

मग त्या दुकानात येऊ लागल्या. "मुकुंद, नंबर बदललाय रे माझा." एव्हाना मी 'अहो चष्मेवाले'चा 'मुकुंद' झालो होतो. मी तपासलं. नंबर तोच. पंधरवड्यानं पुन्हा आल्या. "काच चुकीची बसवलीस तू." काच बरोबर होती. मग फ्रेम वाकडी, मग काचेवर चरा, मग माझा तक्ताच जुना. मी जरा चिडलोही. धंद्याची अब्रू असते माणसाला. एका रविवारी मुद्दाम पडवीत जाऊन बसलो, बाई नेमकं काय करतात ते बघायला.

त्यांनी नेम धरला. छर्रा सुटायच्या अगदी आधी, पापणी लवावी इतक्यात, त्यांची मान किंचित उचलली गेली. छर्रा भरकटला. पुन्हा नेम, पुन्हा तेच. पांढऱ्या कोऱ्या कागदावर पोरांना दिवसचे दिवस घासून घेणारी बाई चोरून लक्ष्याकडं बघत होती. मी तसाच घरी आलो. चष्म्याचा दोष नव्हता, हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

शेजारच्या गल्लीतली रश्मी तेव्हा त्यांची सगळ्यांत चांगली विद्यार्थिनी होती. मराठी घरातली सून, बँकेत नोकरी, शिक्षण सगळं हिंदीतून, त्यामुळं तिचं मराठी मधेच रूळ बदलायचं. तिला जिल्ह्याच्या संघात जायचं होतं. हात स्थिर, श्वास ताब्यात, पण गुण काही वर चढेनात. "ताई, मी माशीच बघते, कसम से. पण ऐन वक्त पे नजर चली जाती है पुढं," ती म्हणायची. प्रभाताई तिला रागावत नसत. एरवी रागावल्या असत्या.

आणि अशात मोतीबिंदू आला. उजव्या डोळ्याला, म्हणजे नेम धरायच्याच डोळ्याला. लक्ष्य धुरकट दिसतं ते उत्तम, असं म्हणत त्यांनी काही महिने काढले. मग माशीही धुरकट झाली.

मोतीबिंदूचं प्रभाताईंनी फार आधीपासून ठरवून ठेवलं होतं. शस्त्रक्रियेत डोळ्यात जी काच बसवतात, ती कुठल्यातरी एकाच अंतराला स्वच्छ दाखवते, बाकीसाठी चष्मा लागतो, हे मीच कधीतरी त्यांना सांगितलं होतं. तेव्हा त्या हरखून म्हणाल्या होत्या, "म्हणजे माशीचा नंबर थेट डोळ्यातच? मग मी मेले तरी नेम चुकायचा नाही!" भाऊंसमोर, माझ्यासमोर, अख्ख्या मंडळासमोर त्यांनी ते जाहीर केलं होतं. चष्म्याचा त्यांना मनस्वी कंटाळा. घाम आला की घसरतो, वाफ धरतो. त्यामुळं पुण्याचा मुलगा फोनवर कितीही म्हणाला, "आई, लांबचंच घे, टीव्ही दिसेल," तरी त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या.

इंदूरला डॉक्टरांकडं मीच त्यांना गाडीनं घेऊन गेलो. वाटेत डॉक्टरांना काय सांगायचं त्याची मी तयारी करत होतो. हातभर आणि वर वीतभर, हे डॉक्टरी भाषेत कसं बसवायचं? तपासणी झाली. तरुण डॉक्टरांनी विचारलं, "माताजी, लेंस दूर का डालें या पास का?"

मी घसा साफ केला. पण प्रभाताईच म्हणाल्या, "दूर का."

मी म्हटलं, "ताई, तुम्ही तर..."

"दूर का," त्या पुन्हा म्हणाल्या.

डॉक्टर हसून म्हणाले, "कितना दूर देखना है आपको?"

"दस मीटर. उसके आगे मेरा कुछ काम नहीं है."

परतताना देवासचा रस्ता लागला. मग न राहवून मी विचारलं, माशीचा नंबर का सोडला म्हणून. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेरचं त्यांना काही धड दिसत नव्हतं.

"धारची ती अक्षत आठवते तुला?" त्या म्हणाल्या. "मी नेहमी म्हणायचे, घाई झाली होती. घाई नव्हती रे. हे आले नव्हते अजून. मागं कोणी नसलं की माझा डोळा पुढं पळतो. इतकी वर्षं मला वाटायचं, माशीवर नजर ठेवणं ही माझी शिस्त. शिस्त कसली मेली, सोय होती ती. लक्ष्याकडं हे बघत होते, म्हणून मला माशीकडं बघता येत होतं." जरा थांबून त्या म्हणाल्या, "फार आठवण येते रे, मुकुंद. दर गोळीला येते."

मी म्हटलं, "मग मी बसत जाईन रविवारी मागं. दुर्बीण आहेच."

"तू?" त्या मोकळ्या हसल्या. "तू स्वतःच उद्याच्या काळजीत. गोळी सुटायच्या आधीच सांगशील, चुकली म्हणून." मग गंभीर होऊन म्हणाल्या, "माझं होऊ दे कसंही. मी पुष्कळ मारल्या. त्या रश्मीचा डोळा पळतोय, तो माझ्यासारखाच पळतोय. तिला कोरा कागद दाखवून काय होणार?"

शस्त्रक्रिया चांगली झाली. पट्टी निघाल्यावर मी त्यांना सांगितलं की आता लांबचं स्वच्छ, पण माशीसाठी चष्मा लागेल, बनवून ठेवतो. "ठेव बनवून. घाई नाही," त्या म्हणाल्या. मी चांगली हलकी फ्रेम घेतली, घामानं न घसरणारी. नंबर घातला. निरोप पाठवले. बाई काही न्यायला येईनात. शेवटी मागच्या रविवारी चष्मा खिशात टाकून मीच मंडळात गेलो.

पडवीत शिरलो तर भाऊंची घडीची खुर्ची उघडलेली. तिच्यावर प्रभाताई, पाठ ताठ, पांढरे कॅनव्हासचे बूट जमिनीला जुळवलेले. तिपाई नव्हती, दुर्बीण नव्हती. नव्या डोळ्यानं त्या समोरचं लक्ष्य टकामका बघत होत्या, आणि चेहऱ्यावर असं नवल, की जणू कुणी ते आजच टांगलंय.

"मुकुंद," त्या माझ्याकडं न वळता हळूच म्हणाल्या, "अरे, काय सुरेख गोल आहे हा! आतल्या रेघासुद्धा दिसतात. इतकी वर्षं मी याच्यावर छर्रे मारले आणि नीट बघितलाच नव्हता."

मी खिशातला चष्मा चाचपला आणि तसाच राहू दिला.

रश्मी पुढं उभी होती, बंदूक खांद्याला. पुढच्या आठवड्यात संघाची निवड. तिनं छर्रा सोडला आणि सवयीनं मान उचलू लागली. "ताई, कहां लगा?"

"तुला काय करायचंय?" प्रभाताई म्हणाल्या. "तू माशीकडं बघ. तिकडं मी बघत्ये."

रश्मीची मान उचलता उचलता थांबली. गाल पुन्हा दस्त्याला टेकला. खांदे हळूहळू सैल पडलेले मला मागूनही दिसले. छर्रा सुटला. या वेळी तिनं मान वर केली नाही.

"आत," प्रभाताई म्हणाल्या. आणि मग, अगदी भाऊंच्या पट्टीत, "पुढची."